घरचा टीव्ही, रिफ्रेश रेट आणि मोशन स्मूदिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा टीव्ही भिंतीवर चढला की पहिल्या आठवड्यातच अनेक घरांतून एक तक्रार ऐकू येते : चित्र स्वच्छ आहे, रंगही छान आहेत, पण माणसे हलू लागली की काहीतरी खटकते. कोणाला चित्रपट स्टुडिओतल्या नाटकासारखा वाटतो, कोणाला बातम्यांची पट्टी अडखळताना दिसते, तर कोणाला क्रिकेटचा चेंडू शेपूट लावून जाताना दिसतो. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि उपायही वेगवेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की माणूस सेटिंग बदलून बदलून थकतो आणि शेवटी आहे तसेच पाहू लागतो. म्हणून खालचे प्रश्न थोडे सविस्तर घेतले आहेत.

रिफ्रेश रेट म्हणजे नेमके काय, आणि फ्रेम रेट त्याहून वेगळा कसा?

टीव्हीचा पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने उमटवतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. तो हर्ट्झमध्ये सांगतात आणि घरगुती टीव्हींत बहुधा ६० किंवा १२० असतो. फ्रेम रेट हा टीव्हीचा गुण नाही, तो कार्यक्रमाचा गुण आहे. कॅमेऱ्याने एका सेकंदात किती स्थिरचित्रे टिपली, हे तो सांगतो. चित्रपट साधारणपणे २४ फ्रेममध्ये चित्रित होतात, आपल्याकडच्या मालिका बहुतांशी २५ फ्रेममध्ये, आणि मैदानावरच्या थेट प्रक्षेपणात हालचालीचे सेकंदाला ५० टिपण येतात. पहिला आकडा टीव्ही विकत घेताना ठरतो. दुसरा चित्रीकरणाच्या दिवशीच ठरून गेलेला असतो.

हे दोन आकडे एकमेकांना पूर्ण भाग देत नसतील तर अडचण सुरू होते. ६० ला २४ ने भागले की अडीच येतात, आणि एखादे चित्र अडीच वेळा दाखवता येत नाही. म्हणून टीव्ही एक फ्रेम तीनदा दाखवतो, पुढची दोनदा, मग पुन्हा तीनदा. म्हणजे एक चित्र ५० मिलिसेकंद डोळ्यांसमोर राहते आणि त्यानंतरचे जेमतेम ३३. माणूस बसून बोलत असेल तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण कॅमेरा डोंगररांगेवरून सावकाश फिरू लागला की डोंगर लंगडत चालल्यासारखा दिसतो. या लंगडण्याला जडर म्हणतात. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवता येते आणि लंगडणे मुळातच नाहीसे होते. १२० हर्ट्झचा हा फायदा जाहिरातीत क्वचितच सांगितला जातो, पण चित्रपट पाहणाऱ्यासाठी तोच सर्वांत मोठा आहे.

आपल्याकडे ५० आणि अमेरिकेत ६०, असा फरक का?

टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात प्रक्षेपणाचा वेग त्या त्या देशातल्या विजेच्या वारंवारितेला जुळवून ठरवला गेला. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६० ची. दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी प्रक्षेपण सुरू झाले तेही याच ५० च्या हिशोबाने, आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले तेव्हाही तो आकडा तसाच राहिला. आज केबल आणि डीटीएचवरच्या एचडी वाहिन्याही सेकंदाला ५० अर्धचित्रे पाठवतात, म्हणजे एका अर्धचित्रात एकाआड एक ओळी आणि पुढच्यात उरलेल्या ओळी. दोन्हींची सांगड घालून पूर्ण चित्र तयार करण्याचे काम तुमचा टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स करतो.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २४ फ्रेमचा चित्रपट ५० हर्ट्झच्या प्रक्षेपणात बसवण्यासाठी तो अनेकदा २५ च्या वेगाने चालवला जातो. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट टीव्हीवर जवळजवळ पाच मिनिटे आधी संपतो, आणि आवाजाची पट्टी मुद्दाम सुधारली नसेल तर गाणीही किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतात. कान तयार असलेल्या श्रोत्यांना हा फरक कळतो.

नव्या टीव्हीवर चित्रपट मालिकेसारखा का दिसतो?

कारण टीव्हीने मूळ चित्रांच्या मध्ये स्वतः तयार केलेली चित्रे घातलेली असतात. यालाच मोशन स्मूदिंग म्हणतात, आणि बहुतेक टीव्ही कारखान्यातून बाहेर पडताना ते चालूच असते.

हा परिणाम डोळ्यांना इतका ओळखीचा का वाटतो, याचे उत्तर आपल्या जुन्या टीव्हीच्या आठवणीत आहे. दूरदर्शनच्या स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेली नाटके आणि त्याच पडद्यावर दाखवला जाणारा मराठी चित्रपट यांत एक फरक लहान मुलालाही जाणवत असे, जरी त्याला तो शब्दांत सांगता आला नसता. व्हिडिओ कॅमेरा हालचालीचे सेकंदाला ५० टिपण घेत असे, म्हणून नाटकातली माणसे समोरच्या खोलीत वावरल्यासारखी, फार जवळची आणि फार खरी दिसत. चित्रपटातली हालचाल त्याच्या निम्म्या टिपणांतून येई. तिच्यात एक किंचितसे अंतर असे, आणि त्या अंतरामुळेच आपण गोष्टीच्या जगात शिरत असू. अमेरिकेत दुपारच्या कौटुंबिक मालिका व्हिडिओवर चित्रित होत, त्यामुळे तिकडे या परिणामाला सोप ऑपेरा इफेक्ट असे नाव पडले.

२४ हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग कमीजास्त होई. फितीवर आवाज आला तेव्हा वेग एकसारखा ठेवणे भागच पडले, कारण वेग डळमळला की गाणे बेसूर होते. १९२० च्या दशकाच्या शेवटी हॉलिवूडमध्ये २४ फ्रेम ठरल्या आणि बोलपट जगभर त्याच वेगाने चालू लागला. तेव्हापासून दिग्दर्शक, छायालेखक आणि संकलक या वेगाचा विचार करूनच काम करत आले आहेत. कॅमेरा किती सावकाश फिरवावा, धावणाऱ्या माणसाचा हात किती धूसर दिसू द्यावा, हे सगळे त्या २४ च्या हिशोबाने ठरते. मधे चित्रे भरून टीव्ही तो हिशोब मोडतो. म्हणूनच चित्रपट पाहताना मोशन स्मूदिंग बंद असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरी नवा टीव्ही आला तेव्हा पहिल्याच रविवारी आम्ही एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट लावला होता. दहा मिनिटांनी वडील म्हणाले, "हा पुन्हा शूट केलाय का रे?" प्रसंग वाड्यातला होता. नायिका गजांच्या खिडकीमागून चालत जात होती, आणि ती जसजशी पुढे सरकत होती तसतसे तिच्या चेहऱ्याजवळचे गज पाण्यात धरलेल्या काठीसारखे वाकत होते. फितीत गज सरळच होते. ते टीव्ही वाकवत होता.

टीव्ही ही मधली चित्रे कोठून आणतो? आणि ती चुकतात का?

तो ती अंदाजाने रचतो. लागोपाठच्या दोन फ्रेम घेऊन टीव्हीतला प्रोसेसर चित्राचे लहान लहान तुकडे करतो आणि पहिल्या फ्रेममधला प्रत्येक तुकडा दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला याचा शोध घेतो. तुकडा उजवीकडे दहा ठिपके सरकलेला आढळला, तर मधल्या चित्रात तो पाच ठिपक्यांवर ठेवायचा, असा साधा तर्क त्यामागे असतो. स्वस्त टीव्हींच्या खोक्यावर एमईएमसी अशी अक्षरे दिसतात ती याच क्रियेची आहेत.

एकच वस्तू साध्या पार्श्वभूमीवरून सरळ रेषेत जात असेल तर हा अंदाज चांगला उतरतो. अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे पुढची वस्तू सरकल्यावर मागचे जे उघडे पडते ते. ते पहिल्या फ्रेममध्ये झाकलेले होते, म्हणून मधल्या क्षणी तिथे काय दिसत असेल हे ठरवायला टीव्हीजवळ पुरेसा आधार नसतो, आणि तो शेजारचे ठिपके ओढून ती जागा भरतो. चालणाऱ्या माणसाभोवती जी थरथरणारी कडा दिसते ती यातूनच येते. दुसरे ठिकाण म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंची रांग, उदाहरणार्थ गज, कुंपण, जिन्याच्या पायऱ्या, प्रेक्षकांनी भरलेला स्टँड. कोणता गज कोणता, हे प्रोसेसरला ओळखता येत नाही, तो चुकीच्या जोड्या लावतो आणि गज वाकतात. फलंदाजाने जोरात बॅट फिरवली की ती क्षणभर दोन तुकड्यांत दिसणे हाही त्यातलाच प्रकार आहे. महागड्या टीव्हींत या चुका कमी होतात, पण पूर्णपणे थांबत नाहीत.

म्हणजे हे सेटिंग कायमचे बंद करून टाकावे का?

नाही. चित्रपट आणि चित्रपटासारख्या वेब मालिका यांच्यासाठी ते बंद ठेवावे. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल यांच्यासाठी मात्र त्याचा मर्यादित उपयोग होऊ शकतो, आणि तो का होतो हे समजून घेणे आवश्यक आहे.

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात सुमारे ७८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे ५० च्या प्रक्षेपणात त्याची सुमारे २५ चित्रे आपल्याला मिळतात. तेच प्रक्षेपण एखाद्या ॲपवरून २५ फ्रेममध्ये येत असेल तर ती संख्या निम्मी होते आणि दोन चित्रांच्या मध्ये चेंडू दीड मीटर उडी मारतो. खेळात दिग्दर्शकाचा काही खास वेग जपायचा नसतो. जे मैदानावर घडले ते शक्य तितके स्पष्ट दिसावे, एवढीच अपेक्षा असते. तिथे मधली चित्रे घातली तर कोणाचा कलाविचार मोडत नाही.

मात्र एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. तुमचा टीव्ही ६० हर्ट्झचा असेल आणि वाहिनीवरून ५० चे प्रक्षेपण येत असेल, तर पडद्यावर मधली चित्रे दाखवायला जागाच उरत नाही, त्यामुळे क्रिकेटसाठी मोशन स्मूदिंग चालू असले काय आणि बंद असले काय, चित्र जवळपास तेच दिसते. ५० चे १०० करायचे तर पडदा १२० हर्ट्झचाच हवा. ६० हर्ट्झच्या टीव्हीत या सेटिंगचा परिणाम होतो तो मुख्यतः २४ आणि २५ फ्रेमच्या कार्यक्रमांवर, म्हणजे नेमका चित्रपटांवर, जिथे तो नको असतो. त्यामुळे ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ते सरसकट बंद ठेवण्याने काही बिघडत नाही. अपवाद एकच, २५ फ्रेममध्ये येणाऱ्या ॲपवरच्या सामन्यांचा.

बातम्यांच्या वाहिनीवर खालची पट्टी अडखळत जाते. टीव्ही खराब आहे का?

बहुधा टीव्ही ठीक असतो आणि चूक सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये असते. ही तपासणी प्रत्येकाने एकदा तरी करावी, कारण तिला पैसा लागत नाही.

कोणतीही मराठी बातम्यांची वाहिनी लावा आणि खालून सरकणाऱ्या पट्टीतल्या एकाच शब्दावर नजर ठेवा. वरचे काहीही पाहू नका. शब्द उजवीकडून डावीकडे पाण्यावरच्या पानासारखा अखंड वाहत जातो, की ठराविक अंतराने त्याला बारीक हिसका बसतो? हिसका बसत असेल आणि तो फार जलद, सेकंदाला दहा या गतीने येत असेल, तर बॉक्स ६० हर्ट्झवर चित्र पाठवत आहे असे समजावे. वाहिनीकडून ५० येतात, बॉक्सला ६० पुरवायचे असतात, म्हणून तो प्रत्येक पाचवे चित्र दोनदा पाठवतो. असे सेकंदात दहा वेळा होते. देवनागरीत हे अधिक डोळ्यांत भरते, कारण शिरोरेघेसारखी लांब आडवी रेघ आणि काना-वेलांटीच्या उभ्या रेघा यांच्या कडांवर हिसका स्पष्ट उमटतो.

बॉक्सच्या रिमोटवरून सेटिंगमध्ये जाऊन चित्र किंवा व्हिडिओ आउटपुट असा विभाग शोधावा. तिथे १०८०आय किंवा १०८०पी यांच्यासोबत ५० आणि ६० असे पर्याय बहुतेक बॉक्समध्ये असतात. ५० निवडावे. पडदा क्षणभर काळा होईल आणि परत येईल. मग पुन्हा त्याच पट्टीकडे पाहावे.

आता एक वेगळे दृश्य. पट्टी अडखळत नाही, पण अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, किंवा एखादा काना मधेच गायब होऊन परत येतो. हे मोशन स्मूदिंगचे काम आहे, कारण पट्टी एका दिशेने आणि तिच्यामागचे चित्र दुसऱ्या दिशेने सरकत असताना टीव्हीचा अंदाज गोंधळतो. ते कमी केले की अक्षरे जागेवर येतात.

स्टिक किंवा टीव्हीवरच्या ॲपमधून पाहताना काय करावे?

एचडीएमआयला लावलेल्या बहुतेक स्ट्रीमिंग स्टिक सगळे काही ६० हर्ट्झवर पाठवतात. मग २४ चा चित्रपट लंगडतो आणि २५ ची मराठी मालिका तर आणखी वेड्यावाकड्या क्रमाने, दोन, दोन, तीन, दोन, तीन अशा पुनरावृत्तीने दिसते. यावर उपाय स्टिकमध्येच दिलेला असतो, पण तो बहुधा बंद असतो. फायर टीव्हीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॅच ओरिजिनल फ्रेम रेट, ॲपल टीव्हीत मॅच कंटेंटच्या खाली मॅच फ्रेम रेट, आणि गुगल टीव्हीवर चालणाऱ्या उपकरणांत मॅच कंटेंट फ्रेम रेट अशा नावाने तो सापडतो. तो चालू केला की कार्यक्रम सुरू होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही. टीव्ही आपला वेग बदलत असतो. सगळीच ॲप याला साथ देतात असे नाही, तरी जी देतात त्यांच्यासाठी ते चालू ठेवावे.

टीव्हीच्या आतल्या ॲपमध्ये ही अडचण पुष्कळ कमी असते, कारण तिथे टीव्हीला मूळ फ्रेम रेट थेट कळतो. म्हणून चित्रपट पाहण्यासाठी, टीव्हीचा वेग पुरेसा असेल तर, आतलेच ॲप वापरून पाहावे.

माझ्या टीव्हीत हे सेटिंग सापडतच नाही. त्याला काय नाव असते?

प्रत्येक कंपनीने वेगळे बारसे केले आहे. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पूर्वी ऑटो मोशन प्लस आणि आता पिक्चर क्लॅरिटी, पॅनासोनिकमध्ये इंटेलिजंट फ्रेम क्रिएशन. इतर अनेक टीव्हींत ते एमईएमसी किंवा नुसते मोशन या नावाने असते. सेटिंग, मग पिक्चर, मग ॲडव्हान्स्ड, एक्सपर्ट, मोशन किंवा क्लॅरिटी या वाटेने गेल्यास ते बहुधा भेटते.

त्याच्या शेजारी सोनीत सिनेमोशन आणि एलजीत रिअल सिनेमा असे आणखी एक सेटिंग असते. नाव सारखे वाटले तरी काम निराळे आहे. मिसळून आलेल्या चित्रांतून मूळ २४ फ्रेम ओळखून त्या सारख्या अंतराने दाखवणे, हे त्याचे काम. मधली चित्रे तयार करणे त्यात येत नाही. ते चालूच ठेवावे. मोशन स्मूदिंग बंद करण्याच्या भरात पुष्कळ जण हेही बंद करतात आणि मग चित्रपट पूर्वीपेक्षा जास्त लंगडतो म्हणून तक्रार करतात.

डी-जडर आणि डी-ब्लर असे दोन सरकते आकडे दिसतात. ते किती ठेवावेत?

डी-जडर मुख्यतः २४ आणि २५ च्या कार्यक्रमांवर चालते आणि चित्रपटाला मालिकेचे रूप तेच देते. डी-ब्लर ५० आणि ६० च्या कार्यक्रमांसाठी असते आणि १२० हर्ट्झच्या पडद्यावरच त्याला अर्थ असतो. चित्रपटासाठी डी-जडर शून्य ठेवून सुरुवात करावी. सावकाश फिरणाऱ्या दृश्यांत फारच धक्के जाणवत असतील तर दहापैकी दोन किंवा तीनपर्यंत न्यावे आणि तिथे थांबावे. क्रिकेटसाठी डी-ब्लर मध्यावर ठेवून चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा त्याच्यामागे फिरतो तेव्हा गवत आणि जाहिरातींचे फलक कसे दिसतात ते पाहावे. फलकावरची अक्षरे फाटू लागली की एक-दोन अंक मागे यावे.

ओएलईडी टीव्हीवर चित्रपट जास्तच अडखळतो, असे का?

ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि जवळपास तत्क्षणी रंग बदलतो. एलसीडीत, म्हणजे मागच्या दिव्यावर चालणाऱ्या नेहमीच्या पडद्यात, हा बदल सावकाश होतो, म्हणून एक चित्र पुढच्या चित्रात किंचित मिसळते आणि २४ फ्रेममधले अंतर झाकले जाते. ओएलईडीवर ते झाकण उरत नाही. प्रत्येक फ्रेम कडक उभी राहते आणि पटकन पुढच्या फ्रेमला जागा देते, त्यामुळे लख्ख उजेडातल्या दृश्यांत हालचाल तुटक वाटते. हा टीव्हीचा दोष नाही. अशा टीव्हीवर डी-जडर दोन-तीनवर ठेवणे मला मान्य आहे, आणि ओएलईडी वापरणारे चित्रपटप्रेमीही अनेकदा तसेच करतात. एलजीतला सिनेमॅटिक मूव्हमेंट हा पर्याय साधारण याच हेतूने दिलेला आहे. खोली अंधारी करून पडद्याचा उजेड थोडा उतरवला तरीही तुटकपणा बराच कमी भासतो.

खोक्यावर २४० किंवा ८०० असे आकडे लिहिलेले असतात. ते खरे असतात का?

पडद्याच्या रिफ्रेश रेटशी त्यांचा थेट संबंध नसतो. मोशन रेट, मोशनफ्लो, ट्रूमोशन अशा नावांपुढचे आकडे त्या त्या कंपनीने आपल्या पद्धतीने काढलेले असतात आणि त्यांत प्रोसेसरचे काम, मागच्या दिव्याची उघडझाप असे बरेच काही मिळवलेले असते. तुम्ही फक्त एवढेच विचारावे की पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट किती आहे. उत्तर ६० किंवा १२० आले पाहिजे. अलीकडे काही मॉडेलमध्ये १४४ ही असते, पण त्याचा उपयोग संगणकावरून खेळणाऱ्यांनाच आहे.

आणखी एका शब्दाकडे लक्ष ठेवावे. काही स्वस्त ४के टीव्हींवर १२० हर्ट्झ डीएलजी असे लिहिलेले असते. अशा पडद्यात दोन-दोन ओळी एकत्र चालवून वेग दुप्पट केलेला असतो, म्हणजे १२० वर चालताना उभ्या दिशेतला बारकावा निम्मा होतो. हे सांगून विकले तर हरकत नाही, पण खऱ्या १२० च्या किमतीत ते घेऊ नये.

६० आणि १२० यांत पैशाचा मोठा फरक आहे. १२० घ्यावाच का?

घरात मुख्यतः मालिका आणि बातम्या पाहिल्या जात असतील तर ६० पुरेसा आहे, कारण असे टीव्ही ५० चे प्रक्षेपण मिळाले की आपला पडदा ५० वर आणतात. चित्रपट आणि क्रिकेट ही घराची आवड असेल, किंवा प्लेस्टेशन ५ सारखे यंत्र असेल, तर १२० चा विचार जरूर करावा.

क्रिकेटमध्ये फायदा कसा होतो तो एका हिशोबाने कळेल. १९२० ठिपके रुंद असलेला पडदा एखादी वस्तू दोन सेकंदांत ओलांडते असे धरा. ६० हर्ट्झवर ती प्रत्येक चित्रात १६ ठिपके पुढे जाते. आपला डोळा तिच्यामागे अखंड सरकत असतो, पण चित्र मात्र तेवढा वेळ जागच्या जागी थांबलेले असते, म्हणून डोळ्याला ती १६ ठिपक्यांची शेपटी असल्यासारखी दिसते. १२० वर चित्रे खरोखर दुप्पट असतील तर शेपटी ८ ठिपक्यांवर येते. चेंडूच्या शेपटीचे कारण हे आहे, आणि पडदा कितीही जलद रंग बदलणारा असला तरी ते पूर्णपणे जात नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र क्षणभर चमकून विझत असे, त्यामुळे त्यात ही शेपटी नव्हती.

काही टीव्हींत चित्रांच्या मध्ये काळी फ्रेम घालून तोच परिणाम साधण्याची सोय असते. त्याने धूसरपणा खरोखर कमी होतो, पण उजेड निम्म्यावर येतो आणि ५० वर लुकलुक जाणवते. ज्यांना डोकेदुखीचा त्रास आहे त्यांनी ती वापरू नये.

गेम खेळताना कोणते सेटिंग असावे?

गेम मोड लावावा. मोशन स्मूदिंग पूर्ण बंद असावे, कारण मधले चित्र तयार करण्यासाठी टीव्हीला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्या उशिराने बटण दाबल्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. ४के चित्र १२० हर्ट्झवर हवे असेल तर टीव्हीचे एचडीएमआय २.१ चे पोर्ट आणि त्या दर्जाची केबल लागते. सगळे पोर्ट तसे असतीलच असे नाही, म्हणून मागची अक्षरे वाचून मगच केबल लावावी.

फिल्ममेकर मोड म्हणजे काय?

डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी एका छोट्या चित्रफितीतून घरोघरच्या प्रेक्षकांना मोशन स्मूदिंग बंद करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने फिल्ममेकर मोड जाहीर केला आणि मार्टिन स्कोर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला. हा मोड लावला की मोशन स्मूदिंग, जादा धार, कृत्रिम रंगवाढ हे सगळे एका फटक्यात बंद होते आणि चित्राची मूळ लांबी-रुंदी कायम राहते. पहिल्यांदा चित्र पिवळसर आणि मंद वाटेल. दोन-तीन दिवस ते तसेच राहू द्यावे, डोळे रुळतात. तुमच्या टीव्हीत हा मोड नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही हा मोड निवडून मोशन स्मूदिंग हाताने बंद करावे.

सगळेच दिग्दर्शक २४ ला चिकटून आहेत असे मात्र नाही. पीटर जॅक्सन यांनी २०१२ साली ४८ फ्रेमचा आणि आंग ली यांनी २०१६ साली १२० फ्रेमचा चित्रपट केला. पण तिथे निवड दिग्दर्शकाची होती आणि कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेम खरोखर टिपली होती.

मी बंद केलेले सेटिंग पुन्हा चालू कसे होते?

कारण बहुतेक टीव्ही प्रत्येक पोर्टसाठी, प्रत्येक पिक्चर मोडसाठी, आणि एचडीआर (उजेड आणि रंगांचा पल्ला जास्त असलेले चित्र) व साध्या चित्रासाठी वेगवेगळी नोंद ठेवतात. सेट-टॉप बॉक्सवर बंद केलेले सेटिंग स्टिकच्या पोर्टवर चालूच असते, आणि एचडीआर चित्रपट सुरू झाला की तिसरीच नोंद लागू होते. म्हणून एकदा तासभर बसून प्रत्येक पोर्टवर एक साधा आणि एक एचडीआर कार्यक्रम लावून सेटिंग करावे. काही टीव्हींत सर्व इनपुटना लागू करा असा पर्याय असतो, तो असल्यास वापरावा. टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यानंतरही एकदा डोकावून पाहावे.

घरातल्या मोठ्या माणसांना गुळगुळीत चित्रच आवडते. मग काय करावे?

त्यांच्या आवडीला चूक म्हणू नये. दिवसभर मालिका आणि बातम्या पाहणाऱ्या आजींना हलते चित्र अखंड दिसले की डोळ्यांना आराम वाटतो, आणि तो अनुभव खरा असतो. पिक्चर मोड वेगवेगळे ठेवता येतात, याचा इथे उपयोग करावा. स्टँडर्ड मोडमध्ये त्यांना हवे तसे सेटिंग ठेवावे आणि सिनेमा मोडमध्ये सगळे बंद करावे. मोड बदलण्याचे बटण रिमोटवर कुठे आहे ते त्यांना एकदा दाखवून ठेवावे, आणि चित्रपट संपल्यावर टीव्ही परत स्टँडर्डवर आणून मगच बंद करावा.